कात्रीचं टोक

“ती पेटी उघडू द्या ना, बाई. एकदाच.”

आशा कोल्ड स्टोरेजच्या दारापाशी उभी होती आणि दार अडवून विमलाबाई. दिंडोरी रस्त्यावरच्या त्या द्राक्षाच्या पॅकहाउसमध्ये सत्तर बायका कामाला होत्या, आणि सत्तरच्या सत्तर जणी सुपरवायझर विमलाबाईंना पाठीमागे फौजदार म्हणायच्या. त्यांच्यापुढं हट्ट करायची कुणाची छाती नव्हती. आशाचीही नव्हती. पण आज तिला त्यांच्यापेक्षा मोठी भीती आतून ढकलत होती.

बाहेर कंटेनर लागला होता. साडेचारला निघायचा होता आणि चार वाजून गेले होते. आशाने दुपारी भरलेली पेटी आतल्या थप्पीत होती. त्या पेटीतल्या घडात आपल्या कात्रीचं टोक मोडून पडलंय, असं तिच्या मनाने घेतलं होतं. परदेशातलं एखादं लेकरू ते द्राक्षाबरोबर गिळेल. ते लेकरू तिला दिसतही होतं. गळा धरून रडणारं.

आता कात्री शाबूत होती, ही यातली खरी गंमत. घडातले खराब मणी काढायच्या या बारीक कात्र्यांवर नंबर असतात. काम संपलं की प्रत्येकीची कात्री उजेडात धरायची, दोन्ही टोकं बघायची, मगच वहीत सही. आशाची कात्री विमलाबाईंनी स्वतः पाहिली होती. आशानेही पाहिली होती. बारा वेळा.

हे आजचंच नव्हतं. पेठ तालुक्यातून हंगामाला आलेली ही पोरगी पहिल्या महिन्यात सगळ्यांच्या कौतुकाचा विषय होती. हात असावा तर असा, म्हणून मॅनेजर दीपक साहेब तिचं नाव घ्यायचे. मग ती स्वतः भरलेल्या पेट्या पुन्हा उघडायला लागली. झोप गेली, जेवण गेलं. या आठवड्यात तीनदा विमलाबाईंनीच चिकटपट्टी सोडवून तिला दाखवलं होतं. बघ बाई, काही नाही. आशा हात जोडायची, कामाला लागायची आणि अर्ध्या तासाने पुन्हा दारात हजर. शेवटी साहेबांनी ताकीद दिली, आणखी एक पेटी उघडली तर हिला घरी पाठवा.

“आज नाही उघडायची,” विमलाबाई म्हणाल्या.

“साहेबांना कळायचं नाय. मीच चिकटवीन परत.”

“साहेबांचं राहू दे. बस खाली.”

त्यांनी दोन रिकामे क्रेट पालथे घातले, आशाला बसवलं आणि तिचं मनगट धरून स्वतः शेजारी बसल्या. थप्पी हलायला लागली. एकेक पेटी डोळ्यांसमोरून कंटेनरकडे जात होती. आशाचे तळहात घामाने निथळत होते. तिच्याच गावची कमळाबाई लांबून हे बघत होती. तिला राहवलं नाही.

“अवं, दाखवा की तिला. जीव जाईल पोरीचा. दोन मिनिटांचं काम हाय.”

विमलाबाई ढिम्म हलल्या नाहीत. माणसानं किती दगड व्हावं, असं कमळाबाईच्या मनात आलं, आणि तिच्या जागी कुणाच्याही आलं असतं.

“बाई, लेकरू मरंल ते. माझ्या हातानं मरंल,” आशा म्हणाली.

“आता भीती चढेल. अजून चढेल. चढू दे.”

“आन मग?”

“मग आपोआप उतरेल. पेटी उघडलीस की ती उतरत नाही, लपून बसते.”

आशा ताडकन उठली. विमलाबाईंनी मनगट सोडून दिलं. “जायचं तर जा. धरून ठेवणार नाही. पण उद्या पुन्हा येशील. परवा पुन्हा.”

आशा कंटेनरपर्यंत धावली. तिची पेटी अगदी हाताशी होती, स्टिकरवरचा तिचा नंबर वाचता येत होता. तिने हात पुढे केला. पेटीला न लावताच मागे घेतला. मग ती वळली, आली आणि क्रेटवर बसली. कंटेनरचं दार बंद झाल्याचा आवाज आला तेव्हा तिने ओढणी तोंडात कोंबली. कंटेनर फाटकातून बाहेर पडला. आता काहीच करता येण्यासारखं नव्हतं.

किती वेळ गेला कोण जाणे. आशाचा श्वास हळूहळू जागेवर आला. तिला तहान लागल्याचं कळलं. भीती होती अजून, पण तिच्यासकट बसता येत होतं. कमळाबाईने पाण्याची बाटली आणून दिली.

“बाई,” पाणी पिऊन आशाने विचारलं, “उतरती म्हनून तुमाला कसं ठावं?”

“आजार आहे हा, आणि त्याला डॉक्टर आहे. पाच वर्षं जातेय मी. शनिवारी नाशिकला माझ्याबरोबर चल.” विमलाबाईंनी कपाळावरचा घाम पुसला. तेव्हा कुठे आशाला दिसलं, की घाम त्यांनाही फुटलाय. “सकाळपासून डोक्यात एकच चाललंय, घरचा गॅस बंद केला की नाही. पण बसलेय ना तुझ्यापाशी?”