तीट

पांढरा लाकडी घोडा रेवाला घेऊन वर जाई, खाली येई. थीम पार्कचे दिवे वितळल्यासारखे भोवती फिरत होते. दर फेरीला आई दिसली की रेवा हात हलवायची. आई मात्र मांडीवरच्या तान्ह्या बाळात गुंतलेली. बायका बाळाचं कौतुक करत होत्या आणि आई घाईघाईने त्याच्या गालाला तीट लावत होती.

घोडा थांबला. रेवा आईपुढे जाऊन उभी राहिली.

"आई, मला आता दृष्ट लागत नाही का गं?"

आईने तिला जवळ ओढलं. मग काजळाच्या डबीत बोट फिरवून तिने रेवाच्या गालावर भलीमोठी तीट लावली.

घोडा पुन्हा तरंगू लागला. आता आईच हात हलवत होती. रेवाला हलवता येईना. एका हाताने दांडी धरलेली, दुसऱ्याचा गालापुढे आडोसा. वाऱ्याने तीट पुसली तर?