गाडीतला वास

"आज पण येतोय," सून पुढच्या सीटवरून नवऱ्याच्या कानाशी कुजबुजली आणि तिने काच चार बोटं खाली केली.

मागे बसलेल्या मिस्त्रींनी ते ऐकलं. नाक गेलं होतं, कान शाबूत होते.

नाकाचं घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. दोन वर्षांपूर्वीच्या तापाने ते नेलं ते नेलंच. पण पस्तीस वर्षं गाड्यांचे एसी दुरुस्त केलेल्या माणसाने कुठल्या तोंडाने सांगावं की मला वास येत नाही? कुणी वासाचा विषय काढला की तेही नाकपुड्या फुगवून म्हणत, "हो, आहे खरा."

महिन्यापूर्वी लेकाच्या गाडीत कुबट वास सुटला, तेव्हा खरं तर ते मनातून खूश झाले होते. घरात कुणाला तरी त्यांचं काम पडलं होतं. डॉक्टरांनी सक्तीने घालायला लावलेले ढगळ बूट नाड्या न बांधताच पायांत अडकवून ते गाडीच्या दारापाशी स्टुलावर बसले. डॅशबोर्डचा कप्पा उतरवला. मागच्या जाळीत पाचोळा आणि ओल. जाळी बदलली, कॉइलवर फेस मारला, पाणी जायची नळी तारेने मोकळी केली.

"बाबा, गाडी नवीकोरी वाटतेय!" सून म्हणाली आणि न मागता चहा घेऊन आली. त्यांचा तो नेहमीचा, बिनसाखरेचा.

एकच खोट राहिली. कप्प्याचे पाच स्क्रू निघाले होते, परत बसले चार. मॅट झटकल्या, गाडीखाली लोहचुंबक फिरवलं. नाही म्हणजे नाही.

"एका स्क्रूने काय होतंय?" लेक म्हणाला.

"तुझं काही होत नाही रे. माझ्या हातून गेलेल्या गाडीत आजवर एक स्क्रू कमी पडलेला नाही."

आणि दोन आठवड्यांत वास परत आला.

"पहिल्यासारखा कुबट नाही," सून म्हणाली. "वेगळाच आहे. गोडसर."

"फेसाचा सुवास तो. उडून जाईल."

उडाला नाही. मिस्त्रींनी कप्पा दुसऱ्यांदा उघडला, तिसऱ्यांदा उघडला. जाळी पांढरीशुभ्र, कॉइल आरशासारखी. तरी, "हं, इथंच मुरलाय," म्हणत ते फेस मारत राहिले. उकाडा असा, की त्यांचे काळे मोजे घामाने ओलेच असत. गुडघे वाकत नसल्यामुळे ते मोजे काठीने ओढून काढत, पण धूत स्वतःच. सुनेला कशाला त्रास? तीही बिचारी हल्ली घराच्या सगळ्या खिडक्या सताड उघड्या ठेवी.

"बाबा, लंगडताय का?" लेकाने एकदा विचारलं.

"या होड्या घालून तू चालून दाखव," मिस्त्री म्हणाले.

आज घरी आल्यावर स्वयंपाकघरातून आवाज आला.

"आता कुणाला तरी दाखवायलाच हवं," लेक म्हणत होता.

"पण त्यांना सांगायचं कसं? किती वाईट वाटेल."

म्हणजे गाडी दुसऱ्याच्या गॅरेजला जाणार! मिस्त्रींनी हत्यारांची पेटी उचलली आणि खाली जाऊन कप्पा चौथ्यांदा उघडला. दोघं मागोमाग धावत आली.

"बाबा, राहू दे ना आता."

"कुणाला दाखवायची गरज नाही. आज त्याचा निकालच लावतो." तासाभराने त्यांनी पुढचं दार उघडून धरलं. "सूनबाई, एकटी बस आत. काचा बंद, एसी चालू. पाच मिनिटांनी सांग."

ती पाच मिनिटं बसली. बाहेर उभ्या मिस्त्रींचा जीव टांगणीला लागला होता. काच खाली आली.

"नाही येत," ती म्हणाली. का कोण जाणे, आवाज रडवेला होता.

"बघ! म्हटलं नव्हतं?" मिस्त्री पोरासारखे हसले आणि दुसऱ्या बाजूने जाऊन तिच्या शेजारी बसले. दार लावून घेतलं. "गार वाटतंय की नाही?"

तिने रुमाल नाकाला लावला.

"परत आला?"

"बाबा, गाडीला वास नाहीच. तुम्ही बसलात की येतो."

मिस्त्रींनी हात पुढे करून एसी बंद केला.

"मी रोज आंघोळ करतो गं," मिस्त्री अगदी हळू म्हणाले.

"माहितीये मला." ती उतरली, वळसा घालून आली आणि त्यांच्या पायाशी जमिनीवरच बसली. "त्या लंगडणाऱ्या पायाचा बूट काढते हं. दुखतंय का?"

"छे! वर्ष झालं, पायाची काही कुरकुर नाही."

तिने बूट ओढला. आत पाहिलं. मग त्यांचा पाय उचलून मोज्याच्या तळव्यावरच्या ओल्या, चिकट डागाकडे पाहिलं. परत बुटात पाहिलं.

"बाबा," ती म्हणाली, "तुमचा पाचवा स्क्रू इथे आहे."