त्रेचाळिसावी ओळ

“नाव सांग आणि विषय संपव,” राजेंद्र साहेब म्हणाले.

“नाव सांगणार नाही,” सारिका म्हणाली. सकाळपासून तिसऱ्यांदा.

लोणावळ्याच्या त्या छोट्या हॉस्पिटलात साहेब कारभार बघत आणि सारिका बिलं. डॉक्टर उपचार आणि कारण लिहून देत, ती त्याला ठरलेला कोड लावून बिल पाठवी. पुण्याच्या एका कंपनीने हिपॅटायटिस बीच्या लशीचा खर्च उचलला होता. लस कुणाला, तर कायम कर्मचाऱ्यांना आणि त्यांच्या घरच्या मोठ्या माणसांना. कर्मचारी बेचाळीस, आणि बिलात ओळी त्रेचाळीस. बेचाळीस ओळींना एकच कोड, शेवटच्या ओळीला भलताच. कंपनीने खुलासा मागवला होता, आणि तो आजच पाठवायचा होता.

नावं फक्त डॉक्टरांना आणि सारिकाला ठाऊक; बिलात नुसते क्रमांक. रक्तातून पसरणारी ही कावीळ. नाव फुटलं की लोक माणसाला वाळीत टाकल्यासारखं वागवतात. म्हणून नावं डॉक्टरांच्या कपाटात कुलूपबंद ठेवायची, असा नियम गेल्या वर्षी साहेबांनीच केला होता. सगळ्यांनी तेव्हा त्यांचं कौतुक केलं होतं. आता डॉक्टर तोच नियम पुढे करून हात वर करत होते, म्हणून साहेबांचा सगळा राग सारिकावर निघत होता.

“हा कोड कशाचा?”

“डॉक्टरांनी लिहिलेल्या कारणाचा. कारणसुद्धा ज्याचं त्याचं खासगी असतं, साहेब. ओळ नियमात बसते, एवढं मी लेखी देते.”

“कशी बसते? कुणाच्याही घरचं माणूस आलेलं नाही, मी एकेकाला विचारलंय. ही चंपाच आहे. तूच तिला घुसवलंस.”

चंपा जवळच्याच औंढे गावची. वॉर्डातले वापरलेल्या सुयांचे डबे तीच उचलायची, पण ठेकेदाराची माणूस, म्हणून यादीत नाही. यावरून सारिका भर मीटिंगमध्ये साहेबांशी भांडली होती आणि हरली होती. हॉस्पिटलात चंपावर सगळ्यांचा जीव. मळवलीहून साहेबांचा डबा घेऊन येणाऱ्या रेणुकावहिनीसुद्धा आधी चंपाची चौकशी करायच्या, मग साहेबांच्या खोलीत जायच्या.

साहेबांनी चंपाला बोलावून घेतलं. ती हात पुसत दारात उभी राहिली. तिने एकदा सारिकाच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि काय चाललंय ते ओळखलं.

“लस तू घेतलीस?”

“व्हय, मीच घेतली,” चंपा म्हणाली. “सुयांचं डबं उचलायला आमी, आन् टोचून घ्यायची येळ आली की आमी कुणीच न्हाई? ह्या पोरीला काय बी बोलू नगा. मला काय करायचं त्ये करा.”

“मावशी, खोटं बोलू नका,” सारिका म्हणाली.

“तू गप गं. तुजी नोकरी ऱ्हाऊ दे.”

साहेब खुर्चीत मागे रेलले. त्यांना हवं ते मिळालं होतं. “उद्यापासून यायचं नाही,” ते चंपाला म्हणाले. “ठेकेदाराला मी फोन करतो. आणि सारिका, कंपनीला लिही, कामगाराने फसवणूक केली.”

सारिकाच्या डोक्यात तिडीक गेली. दोन पोरींची शिक्षणं चंपाच्या या पगारावर चालली होती, आणि हा माणूस तिला चहाचा कप बाजूला सारावा तसा बाजूला सारत होता.

“मी असलं काही लिहिणार नाही,” ती म्हणाली. “मला काढा. दोघींना काढा. पण ओळ खरी आहे, आणि मावशींची नाही.”

“मग कुणाची? शेवटचं विचारतोय.”

“मी सांगणार नाही. ज्यांची आहे त्यांना विचारते. त्या नको म्हणाल्या तर राजीनामा देते.”

तिने तिथेच साहेबांसमोर फोन लावला.

“मी सारिका, हॉस्पिटलमधून. त्या ओळीवरून चंपामावशींची नोकरी जातेय. तुमचं नाव विचारतायत, आणि मी दिलेलं नाही. काय करू?”

पलीकडचं बोलणं बराच वेळ चाललं. सारिका नुसती हं, हं करत होती. साहेब बोटांनी टेबल वाजवत होते. चंपा दाराची चौकट धरून उभी होती.

“नक्की?” सारिकाने विचारलं. मग फोन टेबलावर ठेवला आणि स्पीकर लावला. “बोला.”

“अहो,” रेणुकावहिनी म्हणाल्या, “चंपाला कामावर ठेवा. ती ओळ माझी आहे. तुम्ही वर्षभर लपवलेला तुमचा पॉझिटिव्ह रिपोर्ट मला सापडला, त्याच दिवशी पहिला डोस घेतला मी.”