वयाच्या मानानं ठीक

“आजाराचं नाव सांगा,” झेलिया म्हणाली. “त्याशिवाय मी इथून उठायची नाही.”

डॉक्टरांनी तिच्या मेंदूचं चित्र पुन्हा तिच्याकडे वळवलं. आतल्या पांढऱ्या भागात तारांचे जुडगे असतात, म्हणाले, आणि वयाबरोबर त्या तारांवरचं वेष्टण विरत जातं. “निरोप पोचतो, झेलियाबाई. जरा उशिरा पोचतो. बहात्तराव्या वर्षी सगळ्यांचंच असं होतं. वयाच्या मानानं ठीक आहे.”

“ठीक? खोलीभर यंत्र घेऊन बसलात, आणि एक आजार सापडेना?”

“नाहीच, तर कुठून आणू?”

मे महिन्यात, शेवंडीचे, म्हणजे लॉबस्टर पकडायचे, पिंजरे समुद्रात सोडायच्या पहिल्या दिवशी, बोटीचं सुकाणू तिच्या हातात होतं. मुलगा रेमी मागून पिंजरे ढकलत होता. एका पिंजऱ्यामागोमाग त्याचा दोर पाण्यात सुटला आणि त्याचा वेढा रेमीच्या पायात बसला. त्यानं हाक मारली. तिनं ऐकली, लगेच ऐकली. पण बोट थांबवायच्या दांड्यावर हात पोचला तोवर मागे कुणी नव्हतं.

“हा उशीर आधी कधी जाणवला होता?” डॉक्टरांनी विचारलं.

झेलियानं कोटाची बटणं लावायला घेतली.

रेमीला जाणवला होता. एप्रिलमध्ये, जेवणाच्या टेबलावर, त्यानं बिचकतच विषय काढला होता, “आई, यंदा सुकाणू कॉलेटला देऊ या का?”

“तुझ्या बायकोला? ती गाडी वळवते तेवढ्यात मी बंदराबाहेर पडते! आणि बोटीवर नाव कुणाचं लिहिलंयस रे? तिचं की माझं?”

सगळे हसले होते. कॉलेटसुद्धा. विषय तिथंच संपला.

खाली गाडीत कॉलेट वाट बघत होती. झेलिया शेजारी बसली.

“काय निघालं?” कॉलेटनं समोर बघतच विचारलं. “काही निघालं असेल तर मला पोरींना सांगता येईल, आई. आजी आजारी होती म्हणून. मलासुद्धा… काहीतरी धरायला होईल.”

डॉक्टरांच्या खोलीबाहेरच्या भिंतीवरच्या तक्त्यात झेलियानं आजारांची नावं वाचली होती. त्यातलं एक तोंडात आलं होतं. तेवढं सांगितलं असतं, तर रविवारी नाती पुन्हा जेवायला आल्या असत्या.

“काही नाही,” ती म्हणाली. “म्हातारी झालेय, एवढंच. ते रेमीला कळलं होतं.”

कॉलेटनं किल्ली फिरवली. झेलियाच्या बाजूचं दार अजून उघडंच होतं.

“दार,” कॉलेट म्हणाली.

झेलियाचा हात निघाला. तो पोचायच्या आत कॉलेटनं तिच्या अंगावरून वाकून दार ओढून घेतलं.