सात वेळा ‘नाही’

‘नाही’ म्हणजे नाही, असं खिडकीतल्या कारकुनाने तिसऱ्यांदा सांगितलं, तेव्हा शिंपीणबाईंना हसावं की रडावं कळेना. अर्ज समोरच पडला होता. गृह आयोगाची शेजारस्वागत योजना. घर द्यायच्या आधी आयोग त्या इमारतीतल्या शेजाऱ्यांची संमती घेतो आणि घरासोबत सामायिक बागेतला एक वाफाही देतो. कल्पना चांगलीच. अर्जावर प्रश्न छापला होता: ‘नवीन कुटुंबास आपली ना-हरकत आहे काय?’ खाली सात शेजाऱ्यांच्या सह्या, आणि प्रत्येक सहीआधी एकच शब्द. नाही.

आता बोला! कुणी विचारलं, हरकत आहे का, तर भला माणूस नाहीच म्हणणार. मधला तो ‘ना’ कोण वाचत बसतो? रविवारी शिंपीणबाई अर्ज घेऊन गेल्या तेव्हा सातही जण बागेत खुरपत होते. मातीच्या बोटांनीच त्यांनी भराभर सह्या ठोकल्या. तळमजल्यावरच्या आजींनी तर भिंतीलगतचा उन्हाचा वाफा दाखवला, टोमॅटो लावा म्हणाल्या, रोपं मी देते म्हणाल्या. शिंपीणबाई इतक्या हरखल्या की कागद वाचायचं त्यांना सुचलंच नाही.

हे सगळं त्यांनी कारकुनाला सांगितलं. आधी समजावून, मग हात जोडून. तो काही दुष्ट नव्हता. त्याने चष्मा काढला, पुसला, परत लावला.

“मला कळतंय हो,” तो म्हणाला. “कागदाला कळत नाही ना.”

फोन लावून विचारा की त्यांनाच, असं बाईंनी सुचवलं. तोंडी चालत नाही. मग आत्ता धावत जाऊन सह्या आणते. जुन्या अर्जावर खाडाखोड चालत नाही, नवा अर्ज सोमवारी मिळणार, सह्या होऊन तपासायला आठ दिवस. आणि यादी आज पाचला बंद. बंद झाली की घर पुढच्या नंबराला. घड्याळात पावणेपाच वाजले होते.

बेघरांसाठी उघडलेल्या ज्या शाळेच्या हॉलात बाई, त्यांची मुलगी आणि शिलाईचं मशीन चार महिने राहत होतं, तिथे उद्यापासून वर्ग भरणार होते. अंधार पडायच्या आत हॉल रिकामा करा, असं सगळ्यांना बजावलं होतं. मुलगी सामान बांधून दारात बसली होती, आई किल्ली घेऊन येणार म्हणून. हातातोंडाशी आलेला घास, आणि तो जातोय कशापायी, तर एका ‘ना’पायी. बाईंनी खिडकीची कड दोन्ही हातांनी धरली आणि सोडेचनात.

कारकुनाने नियमांचं पुस्तक काढून चाळलं. एक वाट होती. पुढच्या नंबराच्या अर्जदाराने आपली हरकत नाही असं लिहून दिलं, तर घर पंधरा दिवस राखून ठेवता येतं. तसा कागद हातात असला, तर तेवढे दिवस शाळेच्या मागच्या खोलीतही राहू देतात. ज्याच्याकडे कागद नाही तो आज रस्त्यावर.

पुढचा नंबर मागच्या बाकावरच बसला होता. फुलवाली आणि तिचे वडील. म्हाताऱ्याचे दोन्ही डोळे गेलेले, ऐकायलाही कमी यायचं, तोल तर सारखाच जायचा, म्हणून लेकीने सकाळपासून त्याचा हात सोडला नव्हता. घरात अंध माणूस असला की शेजाऱ्यांच्या संमतीची गरज नसते, त्यामुळे तिचा अर्ज पूर्ण होता. हीसुद्धा त्याच हॉलातली, पलीकडच्या कोपऱ्यातली. चार महिन्यांत दोघी कधी बोलल्या नव्हत्या. आज एका बाकावर सहा तास बसल्यावर मात्र जमलं होतं. शिंपीणबाईंनी अर्धा डबा तिच्यापुढे ठेवला होता. तुम्हाला घर मिळालं की आमचं बोचकं दोन दिवस ठेवाल का, असं फुलवालीने भीतभीत विचारलं होतं. अगं, हे काय विचारणं झालं, असं बाई म्हणाल्या होत्या.

कारकुनाने फुलवालीला बोलावलं. ती वडलांना धरून खिडकीशी आली. त्याने तिला सगळं नीट समजावलं, काय लिहिलं तर काय होईल तेही दोनदा सांगितलं. तिने ऐकून घेतलं. शिंपीणबाईंकडे पाहिलं.

“हरकत आहे,” ती म्हणाली. मग मान खाली घालून, “आहे हो, ताई. काय करू?”

शिंपीणबाईंना राग यायला हवा होता. आला असता तर बरंच झालं असतं. पण तिच्या जागी असत्या, तर त्यांनी तरी दुसरं काय म्हटलं असतं?

कारकुनाने घर घेत असल्याचा कागद तिच्याकडे सरकवला. लिहायला हात मोकळा हवा आणि म्हाताऱ्याला सोडलं तर तो पडणार. फुलवाली घुटमळली. तेव्हा शिंपीणबाईंनी खिडकीची कड सोडली, पुढे झाल्या आणि म्हाताऱ्याचा हात आपल्या हातात घेतला.

थोड्या वेळाने म्हाताऱ्याने तो हात दाबला.

“झालं का गं काम?” त्याने विचारलं. “मिळालं का आपल्याला घर?”

शिंपीणबाईंनी खिडकीकडे पाहिलं. फुलवाली वाकून सही करत होती.

“मिळालं, बाबा,” त्या म्हणाल्या.