संत्र्यावरचा दोरा

पुढच्या सीटवरच्या पडद्यावर विमान थेट उत्तरेला निघालेलं पाहून यमुनाबाई रसाळ हबकल्या. मुंबईत विमानात बसतानाच जावयाचा फोन आला होता, सॅन फ्रान्सिस्कोत लेकीला कळा सुरू झाल्या होत्या. आणि हे चाललं रशियाकडे!

"अगं, अमेरिका अशी वर कुठे?" त्यांनी शेजारच्या मुलीला विचारलं.

"काकू, साडेतेरा हजार किलोमीटर, सोळा तास. हाच जवळचा रस्ता."

चाळीस वर्षं शिवणकाम केलेल्या बाईला मापल्याशिवाय कसं पटावं? त्यांनी पिशवीतून संत्रं आणि दोरा काढला, संत्र्याची पृथ्वी केली, देठ म्हणजे उत्तर ध्रुव, नखाने मुंबईची खूण केली, पलीकडच्या बाजूला लेकीच्या गावाची. दोरा आधी आडवा लावला, मग देठावरून. देठावरून चांगला दोन बोटं कमी लागला. पुन्हा मापला, तरी तेवढाच.

"खरंच की गं!" त्या नवलाने म्हणाल्या आणि पहिल्यांदाच त्यांनी सीटला पाठ टेकली.

उतरल्यावर जावयाने त्यांना तडक दवाखान्यात नेलं. लेक अजून कळा देत होती. आईचा हात हाती येताच ती म्हणाली, "तू येईपर्यंत रडायचं नाही, असं ठरवलं होतं मी."

आणि ती ओक्साबोक्शी रडू लागली.