पुरात गेलेली फाईल

“फाईल कुठंय?” डॉक्टर योगिनींनी विचारलं.

“पुरात गेली,” राजेश्री म्हणाली.

समोरच्या खाटेवर तिचा धाकटा भाऊ बालाजी डोळे मिटून पडला होता. सकाळी गोदावरीचं पाणी घरात शिरलं, तेव्हा माळवदावर, घराच्या मातीच्या छतावर, चढताना तो शिडीवरून निसटला आणि त्याचं डोकं दगडी उंबऱ्यावर आपटलं. वरून जखम दिसत नव्हती. पण बालाजीला हिमोफिलिया होता. त्याचं रक्त गोठत नसे, आतल्या आत वाहत राही. पालम तालुक्यातल्या गावातून आधी बोटीनं, मग जीपनं परभणीच्या दवाखान्यात येईपर्यंत तो ओकला आणि बोलेनासा झाला.

बोटीत त्याच्यासोबत एकाच माणसाला जागा होती. आई, सुलाबाई, चढेल असं राजेश्रीला वाटलं होतं. वडील गेल्यापासून बालाजीचा प्रत्येक दवाखाना तिनंच केला होता. पण आईनं तिचाच दंड धरून तिला बोटीत लोटलं. “याला संभाळ,” एवढंच म्हणाली. तू जप, तुला भीती वाटायलीय का, असलं काही नाही.

बालाजी जन्मल्यापासून हे असंच होतं. तो चालायला लागला तर अंगणातले खडे वेचले गेले. राजेश्री पडली तर गुडघ्यावर चिमूटभर हळद. तो पडला तर गावातली जीप दारात. त्याच्या अंगावर निळा डाग दिसला की आई पेटती चूल विझवायची, त्याला कडेवर घेऊन नांदेडची एसटी धरायची, आणि राजेश्री शेजारच्या घरी जेवायची. कबड्डीच्या जिल्हा संघात तिची निवड झाली, त्या दिवशी ती पळत घरी आली तर दाराला कुलूप. ती कुणाला काही बोलली नाही. पण एकही गोष्ट विसरली नाही.

आताही सगळे त्याच्याच भोवती होते. ओल्या कपड्यांत कुडकुडणाऱ्या तिला कुणी ‘बस’ असंही म्हटलं नव्हतं. तिनं स्वतःच ओढणी पिळून अंगाला गुंडाळली.

“रक्त गोठवणारा कुठला फॅक्टर कमी आहे त्याला?” डॉक्टरांनी विचारलं. “आठ की नऊ?”

“नऊ.”

“आहे आपल्याकडे.” डॉक्टरांचा चेहरा जरा सैल झाला. नर्सनं फ्रीजमधून बाटली आणली. नांदेडच्या दवाखान्यात फोन लागत नव्हता. औषध सिरिंजमध्ये ओढता ओढता डॉक्टरांनी पुन्हा विचारलं, “याआधी दिलंय ना हे? काही त्रास झाला होता का?”

राजेश्री गप्प राहिली.

तिला ठाऊक होतं. बरीच वर्षं झाली; त्या दिवशी ती पहिल्यांदा शाळेत जाणार होती. नवा फ्रॉक घालून तयार होती. बालाजीचं तोंड रक्तानं भरलं, म्हणून तिलाही तशीच नांदेडला नेलं. तिथं त्याला हेच नऊ नंबरचं इंजेक्शन दिलं. त्याचं तोंड सुजलं, ओठ काळे पडले, श्वास अडकला. आई किंचाळत होती, आणि राजेश्री नव्या फ्रॉकमध्ये भिंतीला टेकून उभी होती.

या खोलीत ते ठाऊक असलेलं दुसरं कुणी नव्हतं. एका क्षणात तिनं भाऊ नसलेलं घर पाहिलं. त्या घरात आई तिच्याकडे तोंड करून बसली होती.

डॉक्टरांनी सिरिंज सलाईनच्या नळीला लावली.

“थांबा!” राजेश्री ओरडली. “नऊ देऊ नका! त्यानं त्याचा श्वास बंद पडतो. तवापासून त्याला सात नंबरचं देतेत.”

“नक्की?”

“मी तिथंच हुते, मॅडम. डोळ्यानं बघितलंय.”

बाटली बदलली गेली; नऊ सोसत नसेल तर सातनंही रक्त गोठवता येतं. मग डोक्याचा स्कॅन झाला. आत रक्त साचलं होतं, पण थोडं. ते वाढायचं थांबलं. दुसऱ्या दिवशी बालाजीनं पाणी मागितलं.

डॉक्टरांनी राजेश्रीला कॉम्प्युटरशेजारी बसवलं. “आठवेल ते सगळं सांग. आता ही नोंद इथं राहील, आणि तुझ्या फोनमध्येही. कागद भिजला तरी अडायला नको.”

राजेश्री सांगत गेली. कबड्डीच्या निवडीला त्याचा उजवा गुडघा. तिच्या सहामाही परीक्षेत डावं कोपर. मामाच्या गावाला जायचं राहिलं, तेव्हा हिरडी. डॉक्टर लिहीत राहिल्या. तिला कुठंच अडखळावं लागलं नाही.

पाणी ओसरल्यावर सुलाबाई आल्या. डॉक्टर त्यांना म्हणाल्या, “फाईल नव्हती, पण तुमच्या मुलीला सगळं पाठ होतं. भावावर फार जीव आहे तिचा.”

राजेश्रीला ते सोसवेना. आईला तिनं बाहेर व्हरांड्यात नेलं.

“जीव न्हाई, आई. मी जळत हुते त्याच्यावर. म्हणून समदं ध्यानात ऱ्हायलं.” तिचा आवाज फाटला. “अन् डॉक्टरनं इचारलं तवा मी लगीच बोलले बी न्हाई.”

सुलाबाईंनी लेकीचे केस कपाळावरून मागं सारले.

“मला त्या बाटल्यायची नावं आजून येत न्हाईत. फाईल फुडं करायची, एवढंच केलं मी. ती बुडाली, अन् तुला समदं पाठ हाय हे मला ठावं हुतं, म्हणून तुला धाडलं,” त्या म्हणाल्या. “तू त्याच्याकडं बघत बसायचीस ना, तवा मी तुझ्याकडंच बघत हुते, पोरी.”